लाइट गेलेली नाही

रंगवला! मेल्यांनी रंगवला!

परवा दुपारी नातीनं टीव्ही लावला, तर माझा सिनेमा चालू. काळा-पांढरा होता, त्याला रंग फासलेला. हिरॉइनच्या गालाला गुलाबी, आभाळाला निळा, मिलिटरीच्या कपड्याला कच्च्या कैरीसारखा हिरवा. तेवढंही मी गिळलं असतं. पण जिन्यावरचा सीन आला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या सीनमध्ये अंधार होता, तिथं या शहाण्यांनी उजेड केला होता. आणि जिथं काही वाजत नव्हतं, तिथं व्हायोलिनं घातली होती. नात म्हणाली, "आजोबा, छान दिसतंय की." मी टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन बसलो. ती बिचारी मागनं आली, विचारायला लागली, काय झालं. आता तिला काय सांगू? म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बारामतीच्या एका थेटरात आयुष्यभर ऑपरेटर होतो. लोकांना वाटतं, ऑपरेटर म्हणजे बटण दाबून विड्या ओढत बसणारा माणूस. अहो, बटण आत्ता आलं! आमच्या मशीनमध्ये बल्ब नव्हता. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, टोकं एकमेकांना लावायची आणि लगेच चिमूटभर लांब करायची. मधल्या फटीत जी ज्योत पेटते, तिच्या उजेडावर सगळा सिनेमा. कांड्या जळून झिजतात, फट वाढते, पडद्यावरचं चित्र पिवळं पडतं. म्हणून सारखं त्यांना पुढं सारत राहायचं. डोळा ज्योत बघायच्या काळ्या काचेवर आणि हात मुठीवर. आवाजाची कळही आमच्याच हातात. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये अंगावर बनियन ठेवणं मुश्किल व्हायचं. आणि गडबड झाली की खालून पहिली शिवी कुणाला? ऑपरेटरला. सिनेमा पडला तरी ऑपरेटरलाच!

तर हा सिनेमा. गोष्ट साधी आहे. लढाईचे दिवस. एका लहान शहरात टेलिफोन जोडून देणारी मुलगी, आणि पलटणीत तारा ओढायचं काम करणारा एक शिपाई. दोघांचं जमतं, त्याला आघाडीवर जावं लागतं. असले सिनेमे पोत्यानं येतात. मग हाच का? तर त्यातली माणसं. हिरो एकदाही बंदूक चालवत नाही, भाषण ठोकत नाही. चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो, खिसे चाचपतो, जेवताना बोलत नाही. हिरॉइन तर महातापट. टेलिफोनवर सायबालासुद्धा झापते. लाजणं नाही, मुरका नाही. थोड्या वेळानं आपल्याला वाटायला लागतं, ही आपल्या गल्लीतलीच आहेत.

आणि उजेड. ज्यानं त्याची फोटोग्राफी केली तो माणूस मला भेटला असता तर पाया पडलो असतो. जत्रेत दोघं भेटतात तेव्हा सगळा पडदा लख्ख. जसजशी निघायची तारीख जवळ येते, तसतसा एकेक दिवा कमी होत जातो. आधी रस्ता अंधारतो, मग घर, मग निम्मा चेहरा. बघणाऱ्याला कळतही नाही, नुसतं काळजात धस्स होत जातं. गाण्याचंही तसंच. शिपाई बाजा वाजवतो, तोंडाचा. जत्रेत ती चाल सगळ्या वाद्यांसकट वाजते. पुढं ती मुलगी कामात असताना नुसती गुणगुणते. आणि जिन्यावरच्या सीनमध्ये आता वाजणार, आता वाजणार म्हणून आपण कान टवकारतो, आणि तिथं वाजतच नाही. संगीतकारानं तिथं हात मागं घेतलाय. याला म्हणतात कारागिरी.

तो सीन असा. विमानं येणार म्हणून गावभर दिवे घालवलेले. सकाळी त्याची गाडी आहे. दोघं जिन्यावर बसलेली. पडदा काळाकुट्ट. दिसत काही नाही, फक्त श्वास ऐकू येतो आणि लांबून विमानाची घरघर. बराच वेळ असंच. मग काडी ओढल्याचा आवाज. काडीच्या उजेडात फक्त त्याचा चेहरा. तो तिच्याकडं बघतोय. ती आपल्याला दिसतच नाही. काडी संपेपर्यंत तो बघतो, बोलत नाही. काडी विझते. खल्लास. आमच्याकडं या सिनेमाचं खरं नाव कुणी घेतच नसे. सगळे म्हणायचे, काडीचा पिक्चर.

नव्वदच्या दशकाचा शेवट. त्या उन्हाळ्यात उत्तरेला डोंगरात लढाई पेटली होती. रोज पेपरात फोटो. आमचे थेटरमालक, तात्या, माणूस वाईट नव्हता, पण वारा बघून पाठ फिरवणारा. मला म्हणाले, "पब्लिक तापलंय. लढाईचं कायतरी लावू. त्यो काडीचा पिक्चर मागीवतो." थेटराच्या दारावर भोंगा बांधला आणि सकाळपासून देशभक्तीची गाणी सुरू केली. ढणाढणा. बोर्डावर पेंटरकडून रणगाडा काढून घेतला. सिनेमात रणगाडा नाहीच! मी म्हणालो, "तात्या, पब्लिक फसंल." तर म्हणतात, "तू वर बस, तुला काय करायचंय?"

शुक्रवारी दुपारचा पहिला शो. थेटर गच्च. इंटरवलनंतर जिन्याचा सीन आला, पडदा काळा झाला, आणि खाली एकच बोंब. "लाइट गेली! ए लाइट!" शिट्ट्या काय, खुर्च्या आपटणं काय. त्यांचाही पुरता दोष नव्हता म्हणा. त्या दिवसांत आमच्याकडं लाइट पाहुण्यासारखी यायची, पडदा काळा झाला की माणसाच्या तोंडून आपोआप शिट्टीच निघायची. पण पुढचं ऐका. मागल्या बाजूला आमचा जनरेटरवाला बबन डुलकी काढत होता. बोंब ऐकून तो दचकून उठला, त्यानं इमानदारीत जनरेटरला हँडल मारला आणि खटका इकडून तिकडं टाकला. त्या झटक्यात माझी ज्योत विझली. म्हणजे चांगली चालू असलेली लाइट आमच्या बबन्यानं घालवली! गेटकीपरनं दारं उघडली, भर दुपारचं ऊन पडद्यावर. लाइट गेली आणि शो थांबला तर पुढच्या शोचा पास द्यायची आमच्याकडं पद्धत होती. पब्लिक पास मागायला खिडकीवर तुटून पडलं.

तात्या धापा टाकत वर आले. "त्यो काळा तुकडा काप."

"काय म्हणालात?"

"काप म्हनतोय. काय दिसत न्हाय, काय वाजत न्हाय. नुसता अंधार बघायला कोन येतंय?"

"तात्या, तो सीन काढला तर राहिलं काय? बोर्डावरचा रणगाडा?"

मी ठाम नाही म्हणालो. तात्या काही न बोलता खाली उतरले. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. शनिवारी लोणी भापकरला चुलतभावाच्या पोरीचं लग्न होतं, म्हणून मी गावी गेलो. तात्यांना मशीन येत होतं, तरुणपणी त्यांनी ते स्वतः चालवलेलं. त्यांनी माझ्या माघारी कातरी चालवली.

रविवारी बाराच्या शोला मी रीळ चढवलं, ज्योत लावली, बघतोय तर दोघं जिन्याकडं निघाली आणि टक्क! एकदम सकाळ, स्टेशन, गाडीची शिट्टी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातली कांडी जमिनीवर आपटली, तिचे तुकडे झाले. मशीन सोडून जाता येत नाही, नाहीतर भर शोमध्ये तात्यांची गचांडी धरली असती. शो संपेपर्यंत मी त्या खोक्यात एकटाच बडबडत होतो.

शो सुटला आणि खाली जाणार तोच केबिनच्या दारात एक बाई उभी. पन्नाशीच्या आतबाहेर, पांढरं सुती लुगडं, डोक्यावर पदर. मागं तिची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, नर्सची नोकरी करणारी. बाईनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट विचारलं,

"काडी कुठं गेली?"

जिन्याकडं टाकलेला पाय मी मागं घेतला.

"शेळगावहून आलीय मी, दोन येष्ट्या बदलून. लेकीला रजा टाकाय लावली. ती काडी दावायला आणली हिला. कुठं गेली?"

"बाई, मालकानं कापली."

"कापली? आन तुमी काय करत हुता हितं?"

मलाच झापलं! सिनेमातली टेलिफोनवाली केबिनमध्ये आल्यासारखं वाटलं. मी स्टूल पुढं केलं. बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

त्यांचं नाव लीलाबाई. नवरा पलटणीत होता. एकाहत्तर साली सुट्टीवर आला तेव्हा नवीन लग्न. दोघांनी याच थेटरात हाच सिनेमा पाहिला होता. "त्या राती घरात आमच्या ह्यांनी काडी वढली आन माझ्या तोंडाकडं बघत बसले. बोट भाजंस्तवर. त्या पिक्चरमधल्यावानी. दुसऱ्या दिवशी गेले. मागं आले न्हाईत. ही पोटात हुती, त्यास्नी ठावबी नव्हतं."

मुलगी, संगीता तिचं नाव, खाली बघत उभी होती.

"हिला बापाचा येक फोटू हाय," लीलाबाई म्हणाल्या. "वर्दीतला, ताठ. शाळेत लावलाय, पंधरा ऑगस्टला त्याला हार घालत्यात. आन आता ही लढाई लागल्यापासनं मला गावोगाव स्टेजवर न्हेऊन बसवत्यात. नारळ देत्यात. समदे हिला सांगत्यात, तुझा बाप वाघ हुता. वाघ हुता, वाघ हुता! अवो, माझा नवरा मानूस हुता! त्यो कसा बघायचा त्ये हिला दावायचं मला. सांगून सांगायला येत न्हाय. त्या काडीत दिसतंय तसं बघायचा. म्हनून आले. तर तुमी तेवढंच कापलं."

मी त्यांना तिथंच थांबवलं आणि खाली गेलो. तात्या ऑफिसात सुपारी कातरत होते.

"तुकडा कुठाय?"

"कसला?"

"तात्या, मला रागवायला लावू नका. तुकडा द्या, नायतर तीनचा शो तुमी चालवा. मी निघालो घरी."

"अरं पण पब्लिक..."

"पब्लिकचं मी बघतो!"

"परत बोंब झाली तर?"

"तर मला काढून टाका. पण आज तो सीन दिसणार."

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. काय दिसलं त्यांना कुणास ठाऊक. कपाटातून पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. कापलेले तुकडे प्रिंटबरोबर कंपनीला परत पाठवावे लागतात, म्हणून फेकले नव्हते. नशीब आमचं.

लीलाबाईंना म्हणालो, "ताई, तीनच्या शोला बसा. येष्टी चुकणार नाही, माझी जबाबदारी." आणि कामाला लागलो. फिल्म जोडणं म्हणजे दोन्ही टोकांचा मसाला, म्हणजे वरचा चित्राचा थर, पात्यानं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. जास्त खरवडलं तर फाटतं, कमी खरवडलं तर भर शोमध्ये सुटतं. मी सांधा असा बसवला की बोट फिरवलं तर कळू नये.

राहिलं पब्लिक. त्याला तोंड बंद ठेवायला कसं सांगायचं? मग सुचलं. आमच्याकडं काचेच्या स्लाइडी असायच्या. काचेवर काजळी धरायची, खिळ्यानं अक्षरं कोरायची, आणि पडद्यावर टाकायची. "निरवांगीचे अमुक अमुक, बाहेर या, घरून माणूस आलाय," असल्या निरोपाला त्या कामी यायच्या. मी काच घेतली आणि कोरलं:

"थोड्या वेळाने पडद्यावर अंधार होईल. तो सिनेमातला आहे. लाइट गेलेली नाही. गप बसावे. ऑपरेटर."

मग बबनकडं गेलो. "बबन्या, आज आत किती का बोंब होईना, हँडलला हात लावायचा नाही. मी वर मेलो तरी नाही." तो म्हणाला, "व्हय, न्हाय लावत."

इंटरवलनंतर स्लाइड टाकली. थेटर हसलं. कुणी तरी ओरडलं, "बरं, आपरेटर सायेब!" मी कार्बनच्या नव्या कांड्या लावल्या होत्या. काळ्या सीनला ज्योत थरथरली की काळ्यावर डाग नाचतात, म्हणून उजेड गोठवल्यासारखा स्थिर ठेवावा लागतो. जिना आला. पडदा काळा झाला. मी श्वास धरला. खाली कुणी हू की चू करेना! फक्त विमानाची घरघर.

आणि तेवढ्यात लाइट गेली.

खरी लाइट. ज्योत विझली, मशीन थांबलं, केबिनमध्ये माझाच हात मला दिसेना. मी कपाळावर हात मारला. वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेल्यांनो, आजच? आत्ताच? आता उठणार पब्लिक, आता खुर्च्या उडणार.

पण खाली चिडीचूप. मला आधी कळेना. मग उमगलं. पडदा आधीच काळा होता. गाणं चालू असतं तर मशीन थांबताना ते गळा दाबल्यासारखं रेकलं असतं. इथं गाणंच नव्हतं. विमानाची घरघर बारीक होत होत विरली, लोकांना वाटलं विमान लांब गेलं. पंखे म्हणाल तर तात्या इंटरवलनंतर तसेही बंद करायचे. सगळं थेटर त्या अंधारात माझ्या स्लाइडीवर विश्वास ठेवून बसलं होतं, काडीची वाट बघत.

मी मागची बंद खिडकी ढकलून तोंड बाहेर काढलं. "बबन्या! हँडल मार!"

तो खालून बघतोय. "तुमीच म्हनला, मेलो तरी न्हाय!"

"अरे मेलोच! मार लवकर!"

धडधड सुरू झाली. पुढच्या रांगेत कुणी तरी शेजाऱ्याला म्हणालं म्हणे, "तोफा आल्या." मी चाचपडत ज्योत धरली, मशीन सोडलं, विमान पुन्हा जवळ आलं. आणि काडी ओढली गेली.

सिनेमा करणाऱ्या त्या कारागिरांना माहीत नसेल, आमच्या वीजवाल्यांनी त्यांचा अंधार आणखी लांबवला. इतका वेळ काळोखात बसलेल्या डोळ्यांना ती काडी केवढी वाटली असेल! मी काळ्या काचेतून न बघता उघड्या खिडकीतून पडद्याकडं पाहिलं. हिरोची एक बाजू, एक डोळा, थोडंसं उघडं तोंड. आजवर मला वाटायचं, काय प्रेमानं बघतोय. काडी विझली. थेटरात कुणी शिट्टी मारली नाही. बऱ्याच वेळानं कुणी तरी खोकलं.

शो सुटल्यावर मायलेकी वर आल्या. मी छाती काढून उभा होतो, शाबासकी मिळणार म्हणून. पण लीलाबाई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या लेकीच्या तोंडाकडं बघत होत्या.

"बघितलं का?" त्यांनी विचारलं. "तसं बघायचे."

संगीता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली,

"आई, ह्यो घाबरलाय गं."

मी मध्येच तोंड घालणार होतो. अगं बाई, ते प्रेम आहे, असं सांगणार होतो. पण लीलाबाईंचा चेहरा बघून गप्प बसलो.

"आई, त्याला जायचं न्हाय. त्याचे डोळे बघ की."

लीलाबाई स्टुलावर बसल्या. पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. भिंतीकडं बघत सांगायला लागल्या.

"व्हय. घाबरले हुते. काडी इझल्यावर अंधारात म्हनले, लीला, मला न्हाय गं जायचं. माझा हात सोडंनात. लई थरथरत हुते. मी म्हनलं, येडं का काय, जावा, समदी जात्यात. सकाळी मीच पिशवी भरून दिली." मग तोंडावरचा पदर खाली घेतला. "कुनालाच सांगितलं न्हाय मी. लोक वाघ वाघ म्हनत्यात, त्यात मी कसं सांगू, त्यो मानूस मला धरून रडला म्हून?"

संगीता आईजवळ खाली फरशीवर बसली. माझ्या त्या तेलकट, कळकट फरशीवर. "मला लहानपनापासनं समद्याचं भ्या वाटतं," ती म्हणाली. "वार्डात रातपाळीला सुदिक. वाघाची लेक आन अशी कशी, म्हून मला माझीच लाज वाटायची." आणि मग तिला हसू आलं, डोळ्यांतून पाणी येत असताना. "म्हंजी मी बापावरच गेलीय की गं."

त्याच वेळी खाली, सहाच्या शोचं पब्लिक जमवायला, तात्यांनी भोंगा सुरू केला. ढोल, बिगुल, शत्रूला फाडून खाऊ, मरायला भिणार नाही. केबिनच्या काचा हादरायला लागल्या. संगीता काही तरी पुढं सांगत होती, ते आईला ऐकू येईना. आई कान जवळ नेत होती.

लीलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, त्ये जरा बंद करता यील का?"

मी जिना उतरलो. तात्या दारात उभे होते, "अरं काय, अरं काय" करत आडवे आले. मी त्यांना बाजूला सारलं आणि भोंग्याची वायर हिसडा मारून उपटली.